मेमरी संपली की कॉम्प्युटर कुणाला बाहेर काढतो?

बडोदा : महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायची शेवटची मुदत. दांडिया बाजारातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसलो होतो. ४ जीबी रॅमचा जुना विंडोज कॉम्प्युटर, त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर, दोन मोठ्या एक्सेल फाइल्स आणि ब्राउझरचे पंचवीसेक टॅब. आधी माऊस अडखळू लागला, मग पुरेशी मेमरी नसल्याचा मेसेज आला आणि एक्सेल बंद पडलं. तासाभराच्या नोंदी गेल्या. मुलाने व्हायरसला शिव्या घातल्या, पण दोष व्हायरसचा नव्हता.

रॅम म्हणजे गल्ल्यातली रोकड समजा आणि डिस्क म्हणजे बँक. गल्ला भरला की ऑपरेटिंग सिस्टिम सध्या न लागणारा माल डिस्कवर नेऊन ठेवते. विंडोजमध्ये त्या जागेला पेजफाइल म्हणतात, लिनक्समध्ये स्वॅप. ही युक्ती जुनी आहे, मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरवर १९६२ मध्येच ती होती. अडचण वेगाची. साधी हार्ड डिस्क रॅमपेक्षा साधारण लाखपट हळू. ठेवलेला माल सारखा परत लागायला लागला, की मशीन काम सोडून नुसत्या खेपा घालत राहतं. यालाच थ्रॅशिंग म्हणतात. आपण ‘हँग झाला’ म्हणतो ते बऱ्याचदा हेच असतं.

डिस्कवरची जागाही संपली की पुढे काय, इथे मात्र कंपनीगणिक रीत बदलते.

विंडोज रोखीचा व्यवहार करतं. रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढी मर्यादा, तेवढंच वाटतं. त्यापुढे मागणाऱ्याला सरळ नकार. मग तो प्रोग्रॅम मेसेज दाखवतो किंवा कोसळतो. गंमत म्हणजे मेमरी खाल्लेली असते ब्राउझरने आणि नकार मिळतो शेवटी मागायला आलेल्या एक्सेलला.

लिनक्सचं धोरण बँकेसारखं. सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे काढायला येणार नाहीत, या भरवशावर तो असल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करतो. सगळे खरंच आले, की ‘ऊम किलर’ जागा होतो. तो प्रत्येक प्रोग्रॅमला गुण देतो, जास्त मेमरी खाणाऱ्याला जास्त गुण, आणि सर्वाधिक गुणवाल्याला तिथल्या तिथे मारतो. विचारणा नाही, सेव्ह करायची संधी नाही. सर्व्हरवर सगळ्यात मोठा बहुतेकदा डेटाबेसच असतो, म्हणजे नेमका कामाचा माणूसच जातो. म्हणून जाणकार त्याच्या खात्यात उणे १००० ही दुरुस्ती टाकतात, मग त्याला हात लागत नाही.

अँड्रॉइड फोनही लिनक्सवरच चालतो, पण तो वेळ येऊ देत नाही. मागे उघडी राहिलेली ॲप्स आधीच बंद करतो, समोरचं शेवटी. फॉर्म भरता भरता ओटीपी पाहायला गेलात आणि परत आल्यावर फॉर्म कोरा दिसला, तर कारण अनेकदा हेच.

विंडोजवाल्यांनी एवढं पाहावं : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, मेमरीच्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात खादाड कोण ते वर येतं. सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका, पेजफाइलला वाढायला तिथेच जागा लागते. ‘वेग वाढतो’ म्हणून पेजफाइल बंद करायचा सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका. दांडिया बाजारातल्या त्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्ह लाल झालेला होता. जुने व्हिडिओ काढले, टॅब मिटवले आणि रात्री साडेनऊला रिटर्न गेलं.