खांदेरीच्या दीपगृहाचें नांव

आमचा चांदा-गडचिरोलीचा मुलूख साग, बांबू आणि मोहाचा. येथील वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि तें पाणी पुढें पूर्व समुद्रास जातें. समुद्राशीं आमचा संबंध एवढाच. तेव्हां या स्मरणिकेंत दीपगृहाची कथा कां, असें वाचक विचारतील. उत्तर असें कीं, ज्यांच्या गांवाचें व जिल्ह्याचें नांव एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदललें, त्यांस नामांतराची गोष्ट परकी वाटूं नये.

मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी व उंदेरी अशीं दोन लहान बेटें आहेत. त्यांपैकीं खांदेरीवर इ. स. १६७९ त शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी यानें किल्ल्याचें काम आरंभिलें. मुंबईच्या इंग्रजांस हें कसें रुचावें? त्यांच्या बंदराच्या तोंडावरच हा तट उभा राहत होता. त्यांनीं गलबतें पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यांतून चालणाऱ्या व वाऱ्यावांचून वल्ह्यांवर पळणाऱ्या, त्यामुळें रात्रीच्या अंधारांत बेटावर रसद पोंचतच राहिली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं दौलतखानाच्या आरमारानें इंग्रजांवर हल्ला केला, त्यांत इंग्रजांचें एक जहाज मराठ्यांच्या हातीं लागलें. पुढें १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं नाद सोडला, आणि त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली. म्हणजे दोन बेटें, हांकेच्या अंतरावर, एकमेकांवर तोफा रोखून बसलीं.

या बेटाशीं कान्होजी आंग्रे यांचें नांव नंतर जोडलें गेलें. शाहू महाराजांच्या पक्षास मिळाल्यावर सरखेल कान्होजींकडे कोंकणकिनाऱ्याचे अनेक दुर्ग राहिले, त्यांत खांदेरी होती. आपल्या दस्तकावांचून कोणत्याही व्यापारी गलबतानें या किनाऱ्यावरून जाऊं नये, असा त्यांचा नियम होता. आपल्या समुद्रावर आपला परवाना मागणाऱ्या या पुरुषास इंग्रजांनीं 'चांचा' ठरविलें, आणि इंग्रजी ग्रंथांतून तें विशेषण पुष्कळ काळ टिकलें. इ. स. १७१८ त मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानें खांदेरी घेण्यासाठीं मोठें आरमार पाठविलें, तें हात हालवीत परत आलें. १७२१ त इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले. तेथेंही यश आलें नाहीं. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी निवर्तले. त्यांची समाधि अलिबाग येथें आहे.

पेशवाई बुडाली, बेट इंग्रजांकडे गेलें, आणि इ. स. १८६७ त त्यांनींच त्यावर दीपगृह बांधलें. हें वर्ष आम्हां विदर्भकरांसही लक्षांत ठेवण्याजोगें आहे, कारण त्याच सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. आमच्या बाजूचा कापूस गाडीनें मुंबईस जाऊं लागला व तेथून जहाजांत चढूं लागला. दक्षिणेकडून मुंबईस येणाऱ्या जहाजांस खांदेरीचा हा दिवा वाट दाखवीत असे.

इंग्रजांनीं आपल्या नकाशांत खांदेरीस 'केनरी' व उंदेरीस 'हेनरी' लिहिलें. हें दुसरें नांव वाचून एखाद्या गोऱ्या साहेबाचा बाप्तिस्मा डोळ्यांपुढें यावा! बहुतेक दीपगृहांस खडकाचें अगर बेटाचेंच नांव मिळतें. मुंबईचें १८७५ चें प्राँग्स दीपगृह त्याखालील खडकावरून ओळखलें जातें. मकाव येथें १८६५ त जो दीप लागला, त्याचें 'गिया' हें नांव जवळच्या, वाट दाखविणाऱ्या मरियामातेच्या छोट्या मंदिरावरून आलें. खलाशाच्या दृष्टीनें नांव ही सोय आहे: दिव्याची लुकलुक मोजावयाची, यादींतील नांवाशीं जुळवावयाची, आणि आपण कोठें आहों तें ठरवावयाचें. म्हणून दीपाचें नांव बदलणें म्हणजे केवळ पाटी बदलणें नव्हे. नकाशे व याद्याही बदलाव्या लागतात.

इ. स. १९९८ त खांदेरी बेटास 'कान्होजी आंग्रे बेट' असें अधिकृत नांव देण्यांत आलें, आणि दीपगृहही त्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ज्याच्या भयानें इंग्रज व्यापारी रात्रीं या पाण्यांत झोंपत नसत, त्याचेंच नांव इंग्रजांनीं बांधलेल्या दिव्यास मिळालें. आम्हांस हा न्याय योग्य वाटतो. 'चांचा' या शब्दास यापेक्षां सभ्य उत्तर दुसरें कोणतें? भारतीय नौदलानें १९५१ सालींच मुंबईतील आपल्या एका ठाण्यास 'आंग्रे' हें नांव दिलें होतें.

तरी एक गोष्ट आमच्या मनास लागून राहते. कान्होजींनीं हें बेट राखलें, पण तेथें पहिला दगड रचला तो मायनाकाच्या माणसांनीं, तोफांच्या माऱ्यांत. आणि 'खांदेरी' या शब्दांत तीं माणसें राहतात. केनरी हें नांव गेलें याचें दुःख नाहीं. खांदेरी गेली असती तर मात्र तें नुकसान ठरलें असतें.

आमच्याकडील उदाहरण पाहा. चांद्याचें चंद्रपूर १९६४ त झालें. १९८२ त गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. परंतु १९६२ त आमच्या धर्मप्रांताचा पाया घातला गेला तो 'चांदा' या नांवानें, आणि तें नांव चर्चच्या दप्तरांत अद्याप तसेंच आहे. रेल्वेचें 'चांदा फोर्ट' स्थानकही तसेंच आहे. म्हातारीं माणसें चांद्यासच जातात, चंद्रपुरास नव्हे.

खांदेरीचेंही तसेंच झालें. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले, त्यांत हा किल्ला 'खांदेरी' म्हणूनच नोंदला गेला. त्या बेटावर वेताळाचें देऊळ आहे, आणि ठोकल्यास धातूसारखा नाद देणारा एक मोठा खडक आहे. किनाऱ्यावरचे कोळी वेताळाच्या दर्शनास होड्या घेऊन निघतात, तेव्हां खांदेरीस चाललों, असेंच सांगतात.