मुंबई ते लंडन : वाचलेल्या वेळाचा हिशेब

मुंबईहून लंडन आकाशमार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. एके काळी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालीत, त्यांना महिनेच्या महिने लागत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींची वाट हजारो मैलांनी वाचली. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्टला मुंबईहून बोटीने निघाले, ते १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. म्हणजे चौदा दिवस! ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान उडाले. कैरो, जिनिव्हा करीत त्याने ही मजल सुमारे एका दिवसात मारली. पुढे १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट आले. आज नऊ-दहा तास पुरतात.

मी शाळा थोडी शिकलेला कामगार कार्यकर्ता. इतिहास वाचताना आधी मजुरीचा आकडा शोधतो. सुएझची माती आरंभी इजिप्तच्या शेतकऱ्यांनी वेठबिगारीत उपसली. आगबोटीच्या भट्टीत कोळसा हिंदी आगवाल्यांनी लोटला, तोही गोऱ्या कामगाराहून पुष्कळ कमी पगारावर. आज रात्रपाळीचा मेकॅनिक विमान तपासतो, तेव्हा ते सुटते. प्रवाशाचे तेरा दिवस वाचले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्या वाचलेल्या वेळात श्रमणाऱ्याचा वाटा किती, एवढे मात्र आपण विचारीत राहिले पाहिजे.