पंगतीचे ईशज्ञान

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड तालुक्यात ती येते ती पैठणहून, म्हणजे एकनाथांच्या गावाहून. नाथांनी राण्या महाराच्या घरी जाऊन भोजन केले, ही कथा आमच्या मराठवाड्यात आबालवृद्धांस ठाऊक आहे. तिचे एक जुने रूप मात्र असे आहे की, नाथ महारवाड्यात जेवत असताना लोकांना ते त्याच वेळी स्वतःच्या घरीही दिसले. राण्याकडे जेवला तो नाथांचे रूप घेतलेला देव! कथा सांगणाऱ्याला पंक्तिभेद मोडायचा तर होता, परंतु मोडल्याचे उघड कबूल करण्याचा धीर होत नव्हता, असे आम्हांस वाटते.

ईशज्ञानाचे पंडित म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लॅटिन ग्रंथ आणि रोमची विद्यापीठे येतात. कोण कोणाच्या पंगतीस बसतो याच्याशी त्यांचा काय संबंध, असा प्रश्न साहजिकच पडेल. परंतु भारतातील कॅथोलिक पंडितांचा पिच्छा या प्रश्नाने चारशे वर्षे सोडलेला नाही.

१६०६ साली येशूसंघीय फादर रॉबर्ट दी नोबिली मदुराईस आले. त्यांनी संन्याशाचा वेष घेतला, मांसाहार वर्ज्य केला, स्वयंपाकास ब्राह्मण आचारी ठेवला आणि संस्कृत व तमिळमध्ये असामान्य विद्वत्ता संपादन केली. त्यांच्या पद्धतीवर वाद माजला. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी तिला अनुमती दिली. हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. परंतु त्याची किंमतही चुकवावी लागली. पुढे त्या मिशनमध्ये उच्च जातींसाठी वेगळे आणि खालच्या गणलेल्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू, अशी व्यवस्था रूढ झाली.

त्याच काळात गोव्याच्या सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स ओव्या रचत होते. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पैठणच्या काठी घडलेला ओवीछंद एका इंग्रजाने ख्रिस्तचरित्रासाठी उचलला, हे मराठीचे मोठेच भाग्य. येथे ईशज्ञान पंडितांच्या भाषेतून उठून लोकांच्या भाषेत येऊन बसले. प्रत्यक्ष जेवणाच्या पंगती मात्र तेव्हाच्या गोव्यातही जातवारच राहिल्या.

जालन्यात हा प्रश्न ग्रंथांतून नव्हे, माणसांतून आला. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण नारायण शेषाद्री जालन्याजवळ बेथेल वसवून मांग समाजातील माणसांत राहिले. ते आपल्या पंथाचे नव्हते, स्कॉटिश मिशनचे होते; तथापि जालन्याचा ख्रिस्ती इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे धर्मगुरू औरंगाबाद परिसरात फिरू लागले. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत झाला, १९८१ मध्ये जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. या धर्मप्रांतातील बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज गावच्या पंगतीबाहेर बसविलेले होते, हे लपविण्याचे काही कारण नाही.

या कुटुंबांविषयी ज्या विद्वानाने मनापासून विचार केला, ते पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठाचे बायबलपंडित फादर जॉर्ज सोरेस-प्रभू. गंमत पाहा, ते राहत ते येशूसंघाच्या ज्या महाविद्यालयात, त्याचे नाव दी नोबिली! मत्तयकृत शुभवर्तमानातील येशूच्या बालपणाच्या कथांवरील त्यांच्या प्रबंधाला युरोपातील अभ्यासकांनी मान दिला. तेवढ्यावर ते थांबते तर मोठे प्राध्यापक म्हणून स्मरणात राहिले असते, इतकेच. १९९२ मध्ये त्यांनी येशूची पंगत आणि भारतातील दलित ख्रिस्ती यांवर एक निबंध लिहिला. जकातदार लेवीच्या घरी येशू जेवावयास बसतो, ही केवळ दयाळूपणाची गोष्ट नव्हे. शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण हे ठरविणारी सगळी मांडणीच त्या जेवणाने उलटते. मग त्याच येशूच्या मेजाभोवती, म्हणजे मिस्सेत, जमणाऱ्या समाजात जात उरते ती कोणत्या न्यायाने? १९९५ साली एका रस्ता अपघातात ते गेले. त्यानंतर त्यांचे लेखन चार खंडांत संकलित झाले.

हा प्रश्न नवा नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही लोक येताच भीतीने मागे सरला. पौलाने त्याला सर्वांदेखत दोष दिला. पैठणच्या कथेतले नाथ एकाच वेळी दोन घरी दिसतात. पेत्राला तशी सोय नव्हती!

आपल्यापुढे याची आणखी एक बाजू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती बाहेरच राहिले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असा युक्तिवाद केला जातो. धर्मात ती नाही, हे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु गाव जात विसरत नाही, आणि धर्मग्रामातील सोयरिकीही ती पुष्कळदा विसरत नाहीत. न्यायालयात आपली बाजू मांडताना ही कबुली द्यावी लागते. तीच कबुली वेदीपुढे देण्यास आपण का कचरतो, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले. जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यातच, उस्मानाबादेस, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. लेवीच्या घरच्या जेवणाचा प्रसंग आता घनसावंगीच्या एखाद्या घरातही सोप्या मराठीत वाचता येतो. सोरेस-प्रभूंचे ते चार खंड मात्र इंग्रजीत आहेत.