दख्खन नकाशावर आला तो असा

मलकापूरलगतच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. प्राचीन काळी शेजारच्या कऱ्हाडचे नाव 'करहाकट' म्हणून दूरवर पोचले होते. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर इथल्या निगमाच्या, म्हणजे व्यापारी नगराच्या, दानाचा लेख आहे, कोकणातल्या कुड्याच्या लेण्यात इथल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचा. माणसे एवढी हिंडत होती, म्हणजे वाटा आणि मजलांचे ज्ञान पक्के असणारच. पण ते वाटसरूंच्या तोंडी होते.

असेच तोंडी ज्ञान अलेक्झांड्रियात बसून भूगोलकार टॉलेमीने इ.स. 150च्या सुमारास गोळा केले आणि सुमारे 8000 ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहिले. चित्र नकलता नकलता बिघडते. आकड्यांवरून मात्र कुणालाही नकाशा नव्याने काढता येतो. मला ही त्याची सर्वांत मोठी देणगी वाटते. त्याच्या यादीत पैठण, तेर, नाशिक आहेत. पैठणचा राजा म्हणून त्याने नोंदवलेला 'सिरोपोलेमायोस' म्हणजे सातवाहन पुळुमावी. 'हिप्पोकुरा'चा राजा तो 'बलिओकुरोस' सांगतो, आणि 'विळिवायकुर' हे नाव असलेली नाणी कोल्हापुरात सापडली आहेत. ही दोन्ही नावे एकच, असे अनेक अभ्यासक मानतात. हिप्पोकुरा नेमके कुठले, यावर एकमत नाही. पण आपल्या मुलखातल्या राजाचे नाव व्यापाऱ्यांमार्फत नाईल नदीच्या मुखापर्यंत गेले, हे केवढे विलक्षण!

भारताचा आकार मात्र टॉलेमीच्या हातून साफ चुकला. अक्षांश सूर्याच्या सावलीवरून काढता येत. रेखांशासाठी एकच ग्रहण दोन ठिकाणांहून पाहावे लागे, आणि तशा नोंदी फारच थोड्या होत्या. बाकी भिस्त प्रवासाच्या दिवसांवर. म्हणून त्याच्या आकड्यांतून उमटणारा भारताचा पश्चिम किनारा दक्षिणेला उतरण्याऐवजी पूर्वेकडे धावतो, द्वीपकल्प चपटे होते आणि श्रीलंका अवाढव्य फुगते. 1477 साली बोलोन्यात त्या आकड्यांवरून काढलेले नकाशे छापले गेले तेव्हाही चूक तशीच होती. पोर्तुगीज जहाजे येऊन गेल्यावर, 1502च्या कांतिनो नकाशात भारत निमुळता झाला.

तरी घाटमाथ्याची मोजणी राहिलीच होती. 1802 साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ एक पायारेषा मोजली. ती त्रिकोणाची एक बाजू; ती हाती आली की पुढे फक्त कोन मोजायचे; त्यासाठी अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवायचा. वर्ध्याजवळच्या हिंगणघाटात 1823 साली तो वारला, तिथेच त्याची कबर आहे. त्रिकोणांची साखळी जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्याशी नेली. तिला जोडलेल्या मालिका मुंबईकडे वळल्या. मलकापूर आज सुमारे 17° 16′ उत्तर, 74° 10′ पूर्व असे लिहितात. लिहिण्याची रीत टॉलेमीची, मोजणी लॅम्बटनच्या परंपरेतली.