शिफारसपत्र आणि करारपत्र

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवून देण्यास साहाय्य करणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. राजधानीला लागून असलेल्या गुरुग्रामसारख्या नगरात या व्यवसायाची कार्यालये सहज दृष्टीस पडतात. कोणत्या विद्यापीठाकडे अर्ज करावा, स्वतःविषयी किती लिहावे आणि किती गाळावे, कोणत्या प्राध्यापकाची शिफारस घ्यावी, पैशाची व्यवस्था कशी दाखवावी, हे सारे तेथे शुल्क घेऊन शिकविले जाते. ज्याच्यापाशी शुल्क आहे त्याला वाट दाखविणारा मिळतो. ज्याच्यापाशी ते नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या बाबतीत फार तीव्रतेने उभा राहिला होता.

त्या काळी परदेशगमनाची सर्व भिस्त एखाद्या व्यक्तीच्या पत्रावर असे. गोपाळराव जोशी या टपाल खात्यातील कारकुनाने पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते एका मासिकात छापले गेले, आणि न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या हाती ते दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असताना योगायोगानेच पडले. त्या योगायोगातून १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्यामागे लोकमान्य टिळकांची शिफारस होती. ते पत्र लंडनमध्ये पंडित श्यामजी कृष्णवर्म्यांकडे गेले, आणि पॅरिसच्या सरदारसिंह राणांनी ठेवलेली शिवाजी शिष्यवृत्ती सावरकरांना मिळाली. त्या शिष्यवृत्तीला एक अट होती. ती घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करावयाची नाही. पैसा देणारा उद्या काय करावे हेही सांगणार, मग तो क्रांतिकारकांचा आश्रयदाता असो की संस्थानिक. शिफारसपत्राच्या पाठोपाठ करारपत्र येते ते असे.

टिळकांना सावरकरांविषयी लिहिता आले, कारण सावरकर त्यांच्या वर्तुळातले होते. ज्याच्या जातीला कोणत्याच वर्तुळात प्रवेश नव्हता, त्याच्यासाठी पत्र कोणी लिहावयाचे?

भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब. तेथे अभ्यासाला जागा नाही, म्हणून शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळूसकर नावाचे एक शिक्षक येत. केळूसकर हे शिवचरित्राचे आणि बुद्धचरित्राचे लेखक. स्वतः परिस्थितीशी झगडून वर आलेले, आणि विद्वान असूनही त्यांच्या काळाने त्यांची फारशी कदर केली नाही. रोज एका कोपऱ्यात वाचत बसणाऱ्या मुलाची त्यांनी चौकशी केली. मुलगा महार आहे असे कळल्यावरही त्यांनी बोलणे थांबविले नाही, उलट काय वाचावे हे ते त्याला सांगू लागले, पुस्तके देऊ लागले. भीमराव मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. तीत केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या एका पुस्तकाचा परिणाम पुढे कोठवर गेला हे सांगावयास नको.

परंतु केळूसकरांचे खरे कार्य त्या भेटीनंतरचे आहे, आणि त्याकडे चरित्रग्रंथांनीही फार लक्ष दिलेले नाही. भीमराव कॉलेजात इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि सुभेदार रामजींची शिल्लक संपली. शिक्षण तेथेच थांबावयाचे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी अस्पृश्य वर्गातील लायक विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी मुंबईतील एका सभेत दाखविली होती. सभेतील शब्द ऐकणारे पुष्कळ असतात, पण तो शब्द घेऊन दात्याच्या दारी जाणारा एखादाच. केळूसकर गेले. त्यांनी भीमरावांना महाराजांच्या भेटीस नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. वाट दाखविण्याच्या कामाचा हाच गाभा आहे. केळूसकरांपाशी पैसा नव्हता, अधिकार नव्हता. द्रव्य कोठे आहे आणि पात्रता कोठे आहे एवढे त्यांना ठाऊक होते, आणि या दोहोंची गाठ घालून देण्याचे कष्ट त्यांनी घेतले.

भीमराव पदवीधर झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीस रामजी वारले. बडोद्यातील वागणुकीचा अनुभव कडू होता. पुढे महाराज मुंबईत असताना आंबेडकर त्यांना भेटले. महाराज काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. त्यांनी आंबेडकरांना अर्ज करण्यास सांगितले. ४ जून १९१३ रोजी बडोद्याच्या शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारपत्रावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट एवढीच, की नेमलेला अभ्यास पुरा करावा आणि परत आल्यावर संस्थानाची दहा वर्षे सेवा करावी. जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले.

करारपत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. संस्थानाचा पैसा रयतेचा असतो, आणि त्याच्या बदल्यात सेवा मागणे हा व्यवहार झाला. पण करार लिहिणाऱ्या लेखणीला एक गोष्ट सुचली नाही. दहा वर्षे सेवा घ्यावयाची तर त्या माणसाला दहा वर्षे राहावयास घर मिळाले पाहिजे.

कोलंबियात अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी आंबेडकरांना हाताशी धरले. प्राचीन भारतीय व्यापारावरील निबंधावर १९१५ साली त्यांना एम. ए. ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले, ‘ग्रेज इन’मध्ये नाव दाखल केले (सावरकरांनीही कायद्याच्या अभ्यासासाठी हीच संस्था निवडली होती) आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास आरंभिला. वर्ष उलटते न उलटते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलाविले. येथे प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीचा उपयोग झाला. १९१७ च्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली. तो एक कागद नसता, तर पुढचा इतिहास काही निराळा झाला असता. परवानगीचा तो कागद आला, पण पुस्तके आली नाहीत. महायुद्ध चालू होते. ज्या जहाजावर सामान होते ते पाणतीराने बुडविले.

बुडालेल्या सामानाच्या भरपाईच्या पैशातून बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला. केळूसकरांनी पुन्हा खटपट केली होती. बडोद्यातील एका परिचित प्राध्यापकाकडे राहण्याची सोय त्यांनी लावून दिली होती. आंबेडकर स्थानकावर उतरले तेव्हा हाती चिठ्ठी आली, की घरातून विरोध असल्यामुळे ती सोय होऊ शकत नाही. हिंदू खानावळीत जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. कचेरीत शिपाई दुरूनच कागद टाकीत असत. आंबेडकर त्या दिवशी एका बागेत गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले आणि मुंबईस परतले. दहा वर्षांच्या करारातील सेवा दोन आठवडेही टिकली नाही. कोलंबियाचे दार उघडणाऱ्या महाराजांना आपल्याच राजधानीतील एका खोलीचे दार त्यांच्यासाठी उघडता आले नाही. सयाजीरावांचे थोरपण मान्य करूनही ही नोंद इतिहासाला करावीच लागते.

लंडनची चार वर्षांची मुदत मात्र चालू होती. १९१८ च्या नोव्हेंबरात आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली. कोलंबियातील सहाध्यायी नवल भाथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. भाथेना पारशी होते, हे बडोद्याच्या धर्मशाळेची हकीकत सांगताना विसरू नये. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. १९२० साली आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. सेलिग्मन यांनी न्यूयॉर्कहून प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिले. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या चिटणीसबाईंना कळविलेला अभिप्राय मोठा मार्मिक आहे. या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळविलेली असल्याने जिंकण्यासारखे येथे त्यांना काही उरलेले नाही, असा त्याचा आशय. त्यांना ठाऊक नव्हते, की या विद्यार्थ्याला तेथे पोहोचणे हेच जिंकण्याएवढे अवघड गेले होते.

१९२१ च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. रुपयाचा विनिमयदर घसरल्यामुळे त्यांचे सारे गणित कोलमडले होते. याच काळात ते रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहीत होते. विनिमयदराची चर्चा करणारे अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ झाले. त्या दराने ज्यांचे दोन वेळचे जेवण ठरविले असे थोडेच. १९२३ साली हा प्रबंध मान्य होऊन डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

चरित्रकार येथे पदव्या मोजतात. शासनव्यवहाराचा विचार करणाऱ्याने पत्रे मोजावीत. केळूसकर, सयाजीराव, सेलिग्मन, कॅनन, भाथेना, शाहू महाराज. यांतील एक जरी दुवा निखळला असता तरी साखळी तुटली असती. आणि चर्नी रोडच्या बागेत दुसरे किती मुलगे वाचत बसले असतील, की ज्यांच्याजवळ कोणी केळूसकर येऊन बसला नाही?

हा हिशेब स्वतः आंबेडकरांनी केला असावा, असे त्यांच्या पुढील कृतीवरून दिसते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाच्या मागण्या आकड्यांनिशी आहेत. भारतातील विद्यापीठांत विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि इंग्लंड, युरोप, अमेरिका इत्यादी देशांत त्याच शिक्षणासाठी जाणाऱ्यांकरिता वर्षाला एक लाख. अलीगढ व बनारस या विद्यापीठांना सरकार मोठी अनुदाने देते, याची आठवणही त्यांनी करून दिली. लक्षात घेण्याजोगे हे, की जो माणूस अर्थशास्त्र, इतिहास आणि कायदा शिकण्यासाठी परदेशी गेला, त्याने पुढच्या पिढीसाठी विज्ञान आणि तंत्र मागितले. कायदा व साहित्य यांचे शिक्षण आपल्या मुलांना कसेबसे परवडते, प्रयोगशाळेचा खर्च त्यांच्या आवाक्यापलीकडचा आहे, असा त्यांचा हिशेब होता. सरकारने शिष्यवृत्तीसाठी तरतूद मान्य केली आणि पुढील वर्षांत काही विद्यार्थी परदेशी रवाना झाले. ज्या कामाला पूर्वी एक केळूसकर आणि एक महाराज लागत, त्याला आता अंदाजपत्रकात स्थान मिळाले.

स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारने परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना चालविली. महाराष्ट्राने २००३ साली राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू केली. अंदाजपत्रकात आलेली गोष्ट नियमांनी चालते, आणि नियम लिहिणाराही माणूसच असतो. केंद्राच्या योजनेच्या २०२२-२३ च्या नियमांत एक नवे कलम घालण्यात आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे संशोधनाचे विषय शिष्यवृत्तीतून वगळले गेले. अशा विषयांसाठी देशातच पुरेशी साधने आहेत, असे त्याचे समर्थन झाले. १९४२ च्या निवेदनातही विज्ञानावर भर होता, असा दाखला कोणी देईल. पण तेथे जे मुलांना परवडत नाही ते सरकारपाशी मागितले होते. मुलाने काय शिकू नये हे ठरविले नव्हते. १९१५ चा प्राचीन भारतीय व्यापारावरील निबंध आणि १९१६ चा भारतातील जातींवरील निबंध हे दोन्ही विषय त्या कलमाखाली नामंजूर झाले असते.