घोंगड्याची नक्षी कुठे लिहिलेली असते?

माणदेशात पाऊस अपुरा, म्हणून शेतीच्या जोडीला मेंढ्या. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आणि सनगरांचे माग यांतून घोंगडे तयार होते. म्हसवड हे त्याचे जुने ठिकाण. घोंगडे विणणारा सहसा कागदावर काही काढत नाही. मग कडेचे काळे-पांढरे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकले?

उत्तर मागावर आहे. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. घोंगड्याची वीण अगदी साधी. आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून, दुसऱ्याखालून जातो. पुढच्या ओळीत याच्या उलट. वीण सगळीकडे सारखी असल्यामुळे उभे पट्टे ठरतात ते ताण्यातील रंगांच्या क्रमाने. समजा, चार पांढरे, दोन काळे, चार पांढरे असा काठ हवा आहे. ही मोजणी ताणा लावतानाच करावी लागते. चिंचोक्याची खळ बसून ताणा मागावर चढला की नक्षी ठरून गेली. म्हणजे आराखडा असतोच, फक्त तो धाग्यांनी लिहिलेला असतो.

युरोपातील विणकर असे आराखडे कागदावर काढत, पण स्वतःपुरते जपून ठेवत. उल्मच्या मार्क्स झीग्लर या विणकराने १६७७ मध्ये ते पुस्तकात छापले. पुढे जॅकार्डच्या मागाने (१८०४) तीच माहिती पुठ्ठ्याच्या भोकांत भरली. १८३९ मध्ये जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या बॅबेजने त्याची एक प्रत मिळवली होती!

कागदाचा मोठा फायदा असा, की चूक विणण्यापूर्वीच दिसते. वर्गात हे करून पाहता येईल. काळ्या-पांढऱ्या कागदी पट्ट्या एकाआड एक उभ्या लावा आणि तशाच आडव्या पट्ट्या साध्या विणीने गुंफा. सुरुवात कोणत्या रंगाने केली त्यानुसार उभ्या किंवा आडव्या रेघा उमटतील. आता मध्ये कुठेतरी दोन काळ्या उभ्या पट्ट्या शेजारी ठेवून पुन्हा विणा. त्या जोडीच्या एका बाजूला रेघा उभ्या, दुसऱ्या बाजूला आडव्या! वीण तीच, फक्त रंगांचा क्रम एका घराने सरकला.

दुरुस्तीचे गणितही यातूनच निघते. बाण्यातील चूक एका ओळीपुरती असते. उसवून ती ओळ पुन्हा घालता येते. ताण्यातील चूक मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. जुन्या घोंगड्यावरून नक्षी परत मिळवताना इथेच फसगत होते. पुन्हा पुन्हा दिसते ते बरोबर, असे आपण धरून चालतो. पण ताण्यातील चूक तर प्रत्येक ओळीत दिसणारच. तेव्हा दोन्ही काठ शेजारी ठेवून मोजावेत. डावीकडे चार-दोन-चार आणि उजवीकडे चार-दोन-तीन आले, तर एक धागा राहून गेला असण्याचा संभव अधिक. दुसरे तसेच घोंगडे मिळाले तर खात्री होईल.

गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे हातमाग मागे पडले, आणि ही मोजणी तोंडपाठ असलेली माणसेही कमी होत आहेत. विद्यार्थ्यांच्या घरी फडताळात जुने घोंगडे असेल, तर ते टाकून देण्यापूर्वी भिंग घेऊन दोन्ही काठांचे धागे मोजून चौकटीच्या वहीत उतरवून घ्यावेत. घोंगडे कोणाचे, कुठले आणि साधारण किती जुने, हेही त्याच पानावर लिहावे.