चुंबकातला दोष

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एनएमआर यंत्र चालवायला शिकले, तेव्हाचा पहिला धडा ‘शिमिंग’चा होता. नमुन्याच्या जागेत चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे हवे. त्यासाठी एकेका वेटोळ्यातला प्रवाह किंचित कमीजास्त करत, संकेत टोकदार होईपर्यंत तासन्‌तास बसायचे. क्षेत्र असमान राहिले की आलेखातली शिखरे पसरत, एकमेकांत मिसळत. असमान क्षेत्र म्हणजे दोष, हे आमच्या मनावर पक्के कोरले गेले होते. एमआरआयचा जन्म नेमका याच दोषातून झाला, हे पॉल लॉटरबर यांच्या कामाचा इतिहास वाचताना मला कळले.

चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे अणुकेंद्रक एका ठरावीक रेडिओ वारंवारितेला प्रतिसाद देते. १ टेस्लाच्या क्षेत्रात ती सुमारे ४२.६ मेगाहर्ट्‌झ असते आणि क्षेत्र वाढेल तशी वाढते. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलच्या संकेतात तीन वेगळी शिखरे दाखवली. यांतल्या एस. एस. धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचे काम उभे केले. अशी शिखरे सुटी दिसायची तर क्षेत्र एकसारखेच हवे. त्यामुळे अधिकाधिक समान क्षेत्र हा रसायनशास्त्रज्ञांचा ध्यासच झाला.

ओहायो राज्यातल्या सिडनी गावी १९२९ मध्ये जन्मलेले लॉटरबर याच परंपरेतले. कार्बन-१३ या दुर्मीळ समस्थानिकाचे क्षीण संकेत त्यांनी १९५७ मध्येच टिपून दाखवले होते. १९६३ पासून ते न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात होते.

१९७१ मध्ये रेमंड डमॅडियन यांनी ‘सायन्स’मध्ये उंदरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तेजित केंद्रके मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ निरोगी ऊतकापेक्षा गाठीच्या ऊतकात जास्त असतो, असे त्यांना आढळले होते. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या न्यू केन्सिंग्टन येथील एका कंपनीत या प्रयोगाची पुनरावृत्ती लॉटरबर यांनी पाहिली. फरक खराच होता. पण त्यासाठी प्राणी मारून ऊतक नळीत भरावे लागे. शरीर कापूनच पाहायचे, तर सूक्ष्मदर्शक होताच. न कापता पाहायचे, तर संकेत शरीराच्या कोणत्या भागातून आला हे कळायला हवे.

सप्टेंबर १९७१ मधल्या एका संध्याकाळी हॅम्बर्गर खाताना त्यांना उत्तर सुचले. क्षेत्र मुद्दामच असमान करायचे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चढत जाणारे. मग वारंवारितेवरून जागा कळेल. पेटीवर डावीकडून उजवीकडे स्वर चढत जातो, त्यामुळे जाणकार डोळे मिटूनही पट्टी ओळखतो, तसेच हे. एका दिशेने फक्त एक छाया मिळते. अनेक दिशांच्या छाया एकत्र केल्या की चित्र तयार होते. लॉटरबर यांनी वही विकत घेऊन कल्पना लिहून काढली आणि तिच्यावर साक्षीदाराची सही घेतली. एकाच रेषेपुरता असा प्रयोग फ्रान्समध्ये गॅबियार यांनी १९५२ च्या सुमारास केला होता. त्यातून चित्र घडवले ते लॉटरबर यांनी.

पहिले चित्र अगदी साधे होते: जड पाण्याने भरलेल्या नळीत साध्या पाण्याच्या दोन केशनलिका. ‘नेचर’ने लेख आधी नाकारला. चित्रे धूसर होती हे खरेच, पण साधे आणि जड पाणी वेगळे दाखवणारे चित्र कोणते क्ष-किरण यंत्र काढणार? लॉटरबर यांनी पाठपुरावा केला आणि १६ मार्च १९७३ ला लेख छापून आला. तंत्राला त्यांनी ‘झ्यूग्मॅटोग्राफी’ म्हटले. ‘झ्यूग्मा’ म्हणजे ग्रीकमध्ये जोडणी, जोखड. संस्कृत ‘युग’ आणि आपले ‘जू’ त्याच कुळातले. दोन क्षेत्रे एका जुवाला जुंपली, हा त्यातला भाव. नाव टिकले नाही. पुढे रुग्ण बिचकू नयेत म्हणून ‘न्यूक्लिअर’ शब्दही गळला आणि एमआरआय उरले. खर्च भरून निघणार नाही, या समजुतीने विद्यापीठाने पेटंटही घेतले नाही.

२००३ चे नोबेल लॉटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळाले. संकेतांचे गणित आणि वेगवान चित्रण ही मॅन्सफिल्ड यांची देणगी. डमॅडियन यांनी १९७७ मध्ये मानवी छातीचे चित्र घेतले होते. नोबेलमधून वगळल्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. मला वाटते, त्यांचे दुःख अनाठायी नव्हते. काय शोधायचे हे आधी त्यांनी सांगितले. तिसऱ्या नावाला जागाही होती. पण कसे पाहायचे याचे उत्तर लॉटरबर यांचे, आणि आजची यंत्रे त्याच उत्तरावर चालतात.

लॉटरबर २००७ मध्ये गेले. एमआरआयच्या बोगद्यात पडल्यावर जी ठकठक कानठळ्या बसवते, ती क्षेत्र असमान करणाऱ्या वेटोळ्यांची असते. ज्याला आम्ही रात्र रात्र हाकलत होतो, तोच दोष तिथे कामाला लागलेला असतो.